मापाच्या दगडावरचा शेंदूर

आमच्या सासरी पाणी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच राहायचं. तुम्ही म्हणाल, म्हातारी काहीतरीच बोलते. पण तसंच होतं ते. डोंगराच्या दोन सोंडांच्या मधे मातीची मोठी पाळ घातलेली. पाळीच्या वरच्या अंगाला तळं आणि खालच्या अंगाला, अगदी पायथ्याशी, आमचं गाव. अंगणात उभं राहून मान वर केली की पाळीचा माथा दिसायचा. तिथं शेळ्या चरायला लागल्या की आभाळात चालल्यासारख्या दिसायच्या. मी खाली चूल फुंकतेय आणि माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी मासे फिरताहेत, हे काही केल्या मनातून जात नसे.

माझं माहेर नारायणगडाच्या बाजूचं, सगळा खडक. उन्हाळ्यात आम्ही पोरी झऱ्याशी वाटी घेऊन बसायचो. वाटी भरली की घागरीत ओतायची, परत बसायचं. म्हणून नेकनूरच्या पलीकडं ह्या तळ्याच्या गावात माझं लग्न ठरलं, तेव्हा माझा बाप सगळ्या भावकीत सांगत सुटला, "पोरगी पाण्याच्या गावात दिली म्या. आता तिला कशाची भीती न्हाई." आणि मला तर तिथं पाऊल टाकल्यापासून भीतीच भीती. पाळीच्या पायथ्याला, आमच्या परसाच्या मागं, एका जागी कायम ओल असायची. हात लावला की गार लागायचं. नवी नवरी असताना एकदा मी भीत भीत सासूला विचारलं. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणत.

"आत्याबाई, ही पाळ फुटली तर वो?"

"फुटली तर फुटली," भाकरीवरचा हात न थांबवता त्या म्हणाल्या. "भांडी घासायचा ताप वाचंल तुझा."

अशा होत्या त्या. तोंडानं तिखट, आणि ताटात वाढताना मात्र माझ्या भाकरीखाली लोण्याचा गोळा लपवून ठेवायच्या. मी कधी आभार मानायला गेले तर म्हणायच्या, "मांजरानं खाण्यापरीस तू खाल्लंस, एवढंच."

तळं तसं फार जुनं नव्हतं. निजामाच्या राजवटीतला तो काळ. त्याच्या आधी पाऊस हुकला की गावातले गडी खडी फोडायला मुलखाबाहेर जायचे, दाराला बोराटी, म्हणजे बोरीची काटेरी फांदी, लावून बायका-पोरंही मागोमाग निघायची, आणि जी मागं राहायची ती तरोट्याचा पाला शिजवून दिवस काढायची. मग सरकारनं खडी फोडणाऱ्या त्याच माणसांकडून ही पाळ बांधून घेतली. तळं भरलं, पाट काढले, गहू यायला लागला, मिरची यायला लागली. दाराला बोराटी लावायची वेळ येईना. गावातल्या म्हाताऱ्या बायका सांगायच्या, पहिल्या वर्षी गव्हाची पोळी केली तर पोरांना ती तोडता येईना. भाकरीसारखी मोडायला बघायची.

आमच्या घराकडं त्या तळ्याचं काम होतं. सासरे पाटकरी. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते त्यांनी बघायचं. पाळीच्या पोटातून दगडी मोरी काढलेली, मोरीला लोखंडी दार, दाराला वरपर्यंत आलेला आटे पाडलेला जाड दांडा. त्याच्यावर चार बाजूंना धरायला चार हात असलेली लोखंडी चावी बसवून फिरवली की दार वर सरकायचं. ती चावी आमच्या माजघरात कोपऱ्यात उभी असे आणि आत्याबाई तिच्यावर धुणं वाळत घालत.

आणि एक मापाचा दगड होता. मोरीजवळ, तळ्याच्या अंगाला, पाण्यात उभा केलेला घडीव दगड, पुरुषभर उंच. त्यावर आडव्या सात रेघा खोदलेल्या. इंजनेर साहेब हैदराबादेकडचा. त्यानं सासऱ्यांना समोर उभं करून काय सांगितलं, ते सासरे त्याच्याच आवाजात आम्हाला करून दाखवायचे. छाती पुढं काढून म्हणायचे, "सातवी लकीर कू पानी लगा तो दरवाजा उठाना. किसी कू पूछते बैठना नक्को."

"आन त्याच्या आदी उचललं तर?" सासऱ्यांनी विचारलं होतं.

"तो तुमारा गेहूँ गया."

ते खरंच होतं. तळं तुडुंब असताना दार पुरतं वर घेतलं की पाण्याच्या जोरानं ते परत खाली बसणारं नव्हतं. तळं रिकामं झाल्यावरच बसलं असतं. म्हणजे एकदा उचललं की वर्षाचं पाणी गेलं. आणि वेळेवर नाही उचललं तर पाळ गेली, आणि पाळीखाली आम्ही.

आता त्या दगडाचं काय झालं ते सांगते. गावातल्या बायका तिथं धुणं धुवायला जायच्या. पाण्यात एकटा उभा असलेला दगड, अंगावर सात रेघा. कुण्या एकीच्या मनात आलं, सात म्हणजे साती आसरा. आमच्या भागात पाण्याच्या ह्या सात बहिणींना फार भितात. राजी असल्या तर ओटी भरतात, रुसल्या तर भरलेली ओटी रिकामी करतात. एकीनं हळदकुंकू वाहिलं. पुढं एका बाईचं रांगतं पोर पाण्यात पडलं आणि नेमकं त्या दगडाला अडकून वाचलं. झालं! त्या बाईनं तेलात कालवून शेंदूर लावला, आणि मग दर अमावस्येला लागायला लागला. सासऱ्यांनी पहिल्यांदा आरडाओरडा केला. "अगं तो सरकारी दगड हाय, देव न्हाई!"

"सरकारानं बशिवला म्हणून देव बसत न्हाई व्हय त्यात?" आत्याबाईंनी विचारलं. दुसऱ्या अमावस्येला सासऱ्यांनीही टोपी काढून हात जोडले.

पुढं पूजेचा मान आत्याबाईंनीच घेतला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, तळ्याची चावी आपल्या घरात, तर आसरांची पूजाही आपल्याच घरात. वर्षावर वर्षं शेंदराचे थर चढले. पितळेचे डोळे बसले. वरच्या रेघा कधी बुजल्या ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण तळं काठोकाठ भरायची वेळच तोवर आली नव्हती.

माझं पहिलं मूल जन्मताच गेलं. दुसरं बारशाच्या आत गेलं. दुसऱ्या वेळी आत्याबाईंनी मला न्हाऊ घातलं, केस विंचरले, आणि तशाच उठून पाळीवर गेल्या. आल्या तेव्हा कोपरापर्यंत हात शेंदरी होते. त्या दिवसापासून अमावस्या सोडा, दर शुक्रवारी त्या दगडाला लेप चढायला लागला. तिसऱ्या वेळी मला दिवस राहिले तशा हिरव्या बांगड्या, दहीभात, लिंबं, काय काय न्यायच्या. म्हणायच्या, "बोलले हाय मी त्यांच्याशी. आता त्यांचं आन माझं हाय. तू मधी पडू नगंस."

तोवर सासरे वारले होते आणि काम आमच्या मालकांकडं आलं होतं. एकदा त्यांनी आईला हळूच विचारलं, "माय, वरल्या दोन रेघा कुठं हायत गं? दिसना झाल्यात."

"बायांच्या कपाळावरच्या रेघा मोजतोस? भाड्या, तुझ्या बायकोची ओटी भरायची हाय त्यांला. पानी खाली हाय की. वर आल्यावर बघू."

मालक हसले. मीही हसले. पाणी खरंच खाली होतं.

त्या वर्षी पोळा झाला आणि पावसानं जे धरलं ते सोडीचना. मला सहावा महिना. दिवस उजाडला का नाही तेही कळू नये असं आभाळ. शेणी भिजल्या, चूल धुपायची, भिंतीला हात लावला की माती हाताला यायची. आणि वर तळं चढत होतं. मी रोज मालकांना विचारायची, "कुठवर आलंय?" ते नुसते हातानं दाखवायचे, इतकं राहिलंय म्हणून, आणि रोज तो हात लहान लहान होत गेला. जास्तीचं पाणी जायला एका अंगाला दगडी सांडवा होता. पण डोंगरावरनं बाभळीच्या बाभळी मुळासकट वाहून आल्या, दरडीचे धोंडे आले, आणि सांडव्याच्या तोंडात बूच बसावं तसे बसले. गड्यांनी दोर लावून ओढून पाहिलं, एक बाभूळ हलेना. आता पाण्याला जायला एकच वाट उरली, आमच्या माजघरातल्या चावीची.

सकाळी मालक चावी खांद्यावर घेऊन गेले. आत्याबाई त्यांच्या मागोमाग. मला म्हणाल्या, "तू घरातच ऱ्हा. काठावर येऊ नगंस अशा पोटानं."

मी घरात राहिले. पण बसवेना. परसात गेले, त्या ओलीच्या जागेशी. आजवर तिथं नितळ पाणी झिरपायचं. त्या दिवशी तिथून करंगळीएवढी धार लागली होती आणि ती गढूळ होती. तांबूस, पाळीच्या मातीच्या रंगाची. मी बघत उभी राहिले. म्हणजे आतून माती निघतेय. पाळ आतून पोकळ होतेय आणि वरून कुणाला काही दिसत नाही. पोतं डोक्यावर घेतलं, एक हात पोटाखाली धरला आणि चढायला लागले. चिखलात पाय सरकायचा, मी गवत धरून वर जायची. पोटात मूल हललं की थांबायची, पुन्हा चढायची.

वर सगळे गडी जमलेले, काही बायकाही. तळ्याकडं पाहिलं आणि मी खाली बसले. पाणी म्हणजे पाळीच्या काठाशी अंग लावून पडलेलं एक मोठं जनावर. लाट नाही, आवाज नाही. एका अंगाला ते पाणी, दुसऱ्या अंगाला खाली आमची छपरं. शेजारणीच्या छपरातून धूर निघत होता, तीही खालीच भाकरी करत होती.

मालक चावी दांड्यावर बसवून उभे होते आणि पाटील त्यांच्यासमोर.

"हात लावू नगंस," पाटील म्हणत होते. "पाऊस उतरंल दुपारपर्यंत. दार उचललंस तर गहू काय तू पिकवतोस रे? माझी पोरं चिखल खातील का?"

"मी उचलतो म्हणतच न्हाई पाटील. साहेबाचा हुकूम हाय, सातव्या रेघेला लागलं तर उचलायचं."

"मग लागलंय का सातव्या रेघेला?"

मालकांनी मान खाली घातली. सगळ्यांनी दगडाकडं पाहिलं. पाण्याच्या वर त्याचं नुसतं डोकं राहिलं होतं, ढाळीवरल्या दगडांवर उतरलं की हात पोचेल असं. आणि डोकं कसलं, शेंदराचा लखलखीत गोळा, त्याला पितळेचे दोन डोळे. रेघ म्हणून एक दिसत नव्हती.

मी ओरडले, "अहो, परसात गढूळ धार लागलीय. मातीचं पानी येतंय."

"पावसाचं असंल बाई ते," कुणीतरी म्हणालं. "सगळ्या मुलखात गढूळच पानी हाय आज."

मालकांनी कमरेचं खुरपं काढलं आणि ढाळीवर उतरले. त्यांच्या आधी आत्याबाई उतरल्या होत्या. म्हाताऱ्या बाईनं दगडाच्या आणि खुरप्याच्या मधे बैठक मारली, अर्धं लुगडं पाण्यात.

"माय, सरक."

"सरकत न्हाई."

"रेघ बघू दे मला. शेंदूर परत लावता यील."

"बायांचं तोंड खरडतोस? तुझी बायको सहाव्यात हाय! दोन नेलीत त्यांनी, तिसरं मागून घेतलंय मी. खुरपं लावलंस तर आजच्या आज नेतील."

"आन पाळ गेली तर? मग कोन ऱ्हातंय नेयाला?"

आत्याबाईंनी तोंड फिरवलं. गड्यांपैकी एक पुढं होईना. खुरपं लावायची कुणाचीच छाती नव्हती. पाटीलसुद्धा दगडाकडं बघून पुटपुटत होते. मला त्या वेळी दोन भीत्या दोन बाजूंनी ओढत होत्या, आणि कुठली मोठी ते मला आजही सांगता येणार नाही. पाण्याला मी डोळ्यांनी बघत होते; आसरांना पोटात. पण ती तांबूस धार डोळ्यांपुढून हलेना. मी बसल्या बसल्या ढाळीवरून खाली सरकले आणि हात पुढं केला.

"आणा इकडं खुरपं. माझ्यासाठीच बोललाय ना नवस, मग मीच खरडते."

आत्याबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मारच खाणार. त्यांनी मालकांच्या हातातलं खुरपं हिसकावलं.

"पोटुशी बाई हात लावती व्हय देवाला? अक्कल हाय का तुला? माघारी सर. अजून सर. हिला वर घ्या रे कुनीतरी!"

आणि मग त्या दगडाकडं वळल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला, शेजारणीशी बोलावं तसा. "बायांनो, हा हात बघा. माझा हाय. सुनंचा न्हाई, लेकाचा न्हाई. वळखून ठिवा हा हात."

पितळेचे डोळे त्यांनी आधी काढून पदरात बांधले. मग खुरपं लावलं. शेंदूर सुटेना. वरचा थर भडक, त्याच्या खाली काळपट, त्याच्या खाली तपकिरी, झाडाच्या सालीसारखा. खुरप्याचा कर्रकर्र आवाज, पाऊस आणि आत्याबाईंचा श्वास. एक मोठी खपली निघून पाण्यात पडली तेव्हा वर उभ्या असलेल्या बायकांतून हुंदका आला. खपल्या तरंगत होत्या, भोवतालचं पाणी तेलकट तांबडं झालं. मी दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते आणि आत मूल हलतंय का एवढंच बघत होते. ते हलत नव्हतं.

दगड उघडा झाला. गुळगुळीत. चारी बाजूंनी गुळगुळीत. रेघ नाही.

"बघा!" पाटील ओरडले. "म्हणलं नव्हतं का? रेघच न्हाई हितं, तर पानी रेघेला लागंल कसं? उगा बाईमानसाच्या हातनं पाप करवलंत."

लोक सुटका झाल्यासारखे बोलायला लागले. कुणी हसलंसुद्धा. आत्याबाई तशाच खुरपं धरून बसलेल्या, तोंड पांढरं. मालक मात्र दगडाकडं बघत होते. मग ते पालथे पडले, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि दगडाच्या अंगावरून खाली खाली चाचपत गेले. नखांनी काहीतरी ओरबाडत होते. त्यांचं तोंड माझ्याकडं होतं. चाचपणारा हात थांबला तेव्हा ते तोंड मला दिसलं.

"सापडली," ते म्हणाले.

"कोनती?" पाटलांनी विचारलं.

"वरली. हिच्या वर दुसरी न्हाई. सातवी."

सातवी रेघ पाण्याच्या पार खाली गेली होती. आम्ही भांडत होतो तेव्हा ती केव्हाच बुडाली होती.

मग जी पळापळ झाली ती काय सांगू. चावीचा एक हात खुद्द पाटलांनी धरला. बायका खाली धावल्या, पोरं, म्हातारी, शेळ्या ओढत माळावर गेल्या. मला दोघींनी काखेत धरून नेलं. माळावरून गाव सगळं दिसत होतं, रिकामं. एका अंगणात कुणाची कोंबडी तशीच फिरत होती. बराच वेळ काहीच नाही. मग पाळीच्या पोटातून असा घोगरा आवाज निघाला की पायाखालची जमीन थरथरली. मला वाटलं, फुटली. शेजारणीनं माझं डोकं आपल्या छातीत दाबून धरलं. पण मोरीचं दार वर गेलं होतं ते. नाल्यातून तांबडं पाणी उसळत, गावाच्या बाजूनं, खालच्या रानाकडं निघालं. ते दिवसभर जात राहिलं. पाळीची माती एका जागी घसरली, तिथं गड्यांनी पोती टाकली. पाळ उभी राहिली.

आणि पोटात मूल हललं, सांज व्हायच्या जरा आधी. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर आसरांना ऐकू जाईल असं वाटलं.

पाळ फुटली नाही, म्हणजे तसं बघितलं तर काहीच झालं नाही. म्हणूनच लोकांना पुढं आमच्यावर रागावता आलं. तळं रिकामं झालं, तळाशी चिखल आणि त्यात तडफडणारे मासे. गहू पेरलाच नाही. दिवाळीच्या पुढं घराघरांवर परत बोराटी लागली, गडी कामाला मुलखाबाहेर गेले. विहिरीवर बायका मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "फुटली नसती बाई. साहेबाचं काय, रेघ मारून मोकळा." मालकांनी वाद घातला नाही. सांडवा मात्र त्यांनी स्वतः उभं राहून साफ करून घेतला. साहेबानं दौऱ्यावर येऊन पाळ पाहिली, मालकांच्या पाठीवर हात ठेवला आणि गेला. त्या हातानं कुणाचं पोट भरत नव्हतं.

पण ह्या सगळ्यापेक्षा वाईट घरात चाललं होतं. दार उचललं त्याच सांजेला आत्याबाईंनी आपलं अंथरूण उचललं आणि शेळ्यांच्या छपरात टाकलं.

"हे का वो आत्याबाई?"

"माझ्या हातावर ध्यान हाय त्यांचं. माझ्या जवळ येऊ नगंस तू."

मला वाटलं चार दिवसांचं आहे. पण त्यांनी खरंच माझ्या ताटाला हात लावायचं सोडलं. भाकरी मी करायची, त्यांची भाकरी उंबऱ्यावर ठेवून मागं सरकायची, मग त्या उचलायच्या. माझी सावली आली तर अंग चोरायच्या. सकाळी उठल्या की आधी आपले दोन्ही हात उजेडात धरून उलटसुलट बघायच्या, काही उमटलंय का म्हणून. कधी बोट दुखलं, कधी नख मोडलं, की तोंडावर काळजीऐवजी उलट समाधान यायचं. म्हणायच्या, "येऊ दे, माझ्यावरच येऊ दे." मला ते बघून धडकी भरायची. कारण मग मलाही वाटायला लागलं, की त्या मरायची वाट बघतात आणि त्या मेल्या नाहीत तर माझं मूल जाईल. अशा घरात मी उरलेले महिने काढले.

माहेरी पाण्याचे हाल, म्हणून बाळंतपण सासरीच झालं, कडाक्याच्या थंडीत. आत मी आणि सुईण, दाराबाहेर आत्याबाई. आधीच्या दोन्ही वेळी त्यांनी माझी पाठ धरली होती. आता मी हाका मारते, तर बाहेरून नुसता आवाज यायचा, "हाय मी. हाय मी हितं. पर आत येत न्हाई."

मूल आलं. जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, मी तसा कधी ऐकला नव्हता, "रडलं का गं? सुईणबाई, रडलं का?"

तेवढ्यात पोरीनं टाहो फोडला.

"ऐका आता कान भरून," सुईण म्हणाली. "नात हाय. या, घ्या."

"न्हाई. दाराकडं तोंड कर तिचं. लांबनं बघते."

त्यांनी लांबूनच बघितलं. बारसं झालं, तेव्हाही त्या बायकांच्या मागं उभ्या. पोरीला तेल लावायला शेजारीण यायची आणि आत्याबाई छपरातून तिला शिव्या घालायच्या, "अगं असं चोळतात व्हय? मान धर! मान धर की रांडं!" पण स्वतः हात लावायला येत नसत. शेजारीण मला म्हणायची, "तूच सांग की त्यांना, घ्या म्हणून." मी सांगितलं नाही. कसं सांगू? त्यांनी हात लावला आणि पोरीला काही झालं तर? मी वरवर त्यांची समजूत घालायची, पण पोर घेऊन त्यांच्या फार जवळ मीही जात नसे. आम्ही दोघी एकाच गोष्टीला भीत होतो आणि एकमेकींना ते बोलत नव्हतो.

पोर रांगायला लागली तेव्हा श्रावण होता आणि तळं परत भरत आलं होतं. मालक दर दोन दिवसांनी पाळीवर जाऊन यायचे आणि येताना रेघ सांगायचे. दगडाला आता कुणी शेंदूर लावत नव्हतं. जवळही जात नव्हतं. त्या दिवशी पाऊस जरा उघडला होता. आत्याबाई छपराच्या तोंडाशी पाय पसरून बसल्या होत्या, सुपात जवारी निवडत. मी आत पीठ मळत होते. पोर ओसरीवर बसवलेली. एकदम आत्याबाईंची किंकाळी आली.

हात तसेच घेऊन मी बाहेर आले. पोर ओसरीवरून उतरून, अंगण ओलांडून, सरळ त्यांच्याकडं गेली होती. सूप उलटं झालं होतं, जवारी चिखलात. आणि आत्याबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, दोन्ही हात आभाळाकडं वर केलेले. पोर त्यांच्या मांडीवर चढत होती. लुगडं धरून, गुडघा टेकून, घसरत, परत चढत.

"उचल गं हिला! उचल! मला हात लावता येत न्हाई!"

मी धावत जायला पाहिजे होतं. पाय हलेचना. पोर त्यांच्या पोटावर उभी राहिली, एका हातानं त्यांचा कान धरला, आणि तोंड त्यांच्या मानेत घातलं.

"अगं उचल की, मुडदे! बघत काय उभी ऱ्हायलीस? हात भरून आले माझे!"

म्हातारं माणूस. हात थरथरायला लागले होते. त्या माझ्याकडं बघत होत्या, मी त्यांच्याकडं. आणि पोर मागं झुकली, तोल गेला तिचा, डोकं खाली जातंय असं दिसलं, आणि ते दोन्ही हात खाली आले. इतक्या झपाट्यानं आले की मला दिसलेही नाहीत. पोर त्यांच्या हातांत होती.

आम्ही दोघी श्वास धरून वाट बघत राहिलो. काय व्हायचं त्याची. पोर हसली, मग त्यांच्या नाकातल्या फुलीला ओढायला लागली.

"लई जड हाय गं ही," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं.

त्या रात्री त्या घरात झोपल्या, पोर आमच्या दोघींच्या मधे. दिवा मालवल्यावर मी हळूच हात घातला, पोरीचं कपाळ तापलंय का बघायला. तिथं आधीच एक हात होता.

"गार हाय," आत्याबाई अंधारात म्हणाल्या.

"गारच हाय," मी म्हणाले.

हात त्यांनीही काढला नाही आणि मीही काढला नाही. वर पाऊस परत लागला होता.